पोरांसोबत ‘मिस्टर इंडिया’ बघताना

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. वर्ध्याच्या उन्हात भरदुपारी पोरांना बाहेर सोडवत नाही. मग तुम्हाला १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ आठवतो. भाड्यानं व्हीसीआर आणून, अंगणात टीव्ही मांडून, अर्ध्या गल्लीनं मिळून पाहिलेला. तो पोरांना जरूर दाखवा. फक्त थोडं सांभाळून.

आधी एकदा तुम्ही एकटे बघून घ्या. खलनायक मोगॅम्बो सगळ्यांना आठवतो, स्वयंपाकी कॅलेंडरही आठवतो. पण नायक अरुण सांभाळतो त्या अनाथ पोरांतली छोटी टीना बॉम्बस्फोटात जाते, हे पुष्कळजण विसरलेले असतात. सहा-सात वर्षांच्या पोराला ते फार लागतं. नेमकं तेव्हा कूलरमध्ये पाणी टाकायला उठू नका. जवळ बसा. रडलं तर रडू द्या. ‘खोटं असते रे ते’ म्हणून गप्प करू नका.

सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे. दोन दुपारी वाटून घ्या.

बघताना तोंड आवरा. ‘आता बघ हं गंमत’ म्हटलं की गंमत गेलीच. तुमच्या आवडत्या जागी पोरगं हसलं नाही, तर हिरमुसू नका. ते भलतीकडेच हसेल.

माणसाला अदृश्य करणारं, अरुणच्या मनगटावरचं ते यंत्र खरं असतं का, असं पोरगं विचारेल. नसतं, हे सरळ सांगा. मग तुम्ही विचारा. अरुण दिसेनासा होतो, म्हणजे उजेड त्याच्या आरपार जातो. मग डोळ्यांत उजेड थांबणार कसा? आणि थांबलाच नाही, तर त्याला स्वतःला काय दिसणार? उत्तराची घाई करू नका. रात्री गच्चीवर झोपताना ते पुन्हा विषय काढेल.

लाल उजेडात अरुण दिसतो, हे तर पोरांना पाठच होतं. दुकानातून लाल जिलेटिन कागद आणा. पांढऱ्या कागदावर पोराचं नाव एकदा लाल पेनानं लिहा, एकदा निळ्यानं. जिलेटिन डोळ्यांपुढे धरायला सांगा. निळं नाव काळं दिसेल. लाल नाव जवळजवळ गायब होईल, कारण जिलेटिनमधून लालच उजेड येतो आणि मागचा पांढरा कागदही लाल दिसतो. सिनेमातला लाल उजेड लपलेल्याला दाखवतो, घरातला दिसणाऱ्याला लपवतो. हा उलटा प्रकार पोरालाच पकडू द्या.

आणि सिनेमातला धान्यात खडे मिसळणारा तो दुकानदार? संध्याकाळी तांदूळ निवडताना पोराला सुपाजवळ बसवा. खडा सापडला की ते तो तुमच्या तळहातावर आणून ठेवेल.