मागची चाकं फिरतात का?

मुळशीतल्या उरवडे गावात जागा घेतली की माणूस जुनी ‘फोर बाय फोर’ शोधायला निघतो आणि विक्रेते त्याला राजरोस फसवतात. मी इथे राहतो, म्हणून हे संतापाने लिहितो आहे.

रेनॉची डस्टर घ्या. चारही चाकांना ताकद देणारी तिची डिझेल आवृत्ती 2014 मध्ये आली आणि 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू होताच डिझेल इंजिनासकट संपली. 2022 मध्ये अशीच आवृत्ती असलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्या आल्या, पण कमी पैशांत हवी असेल तर गिऱ्हाइकाची नजर पुन्हा जुन्या डस्टरवरच जाते. विक्रेत्याला ही गरज नेमकी ठाऊक असते. ‘दादा, कुठंही घाला, अडकणार नाही!’

खोटं आहे हे. ही गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते. ती चाकं घसरली की इलेक्ट्रॉनिक क्लच मागे ताकद पाठवतो. तो क्लच मेलेला असला तरी भूगावच्या डांबरावर काहीही जाणवत नाही, आणि फेरी मारायला तुम्हाला नेतात ते डांबरावरच. माझ्या शेजाऱ्याला हे कळलं जूनमध्ये, भातखाचराच्या कडेला. ट्रॅक्टरने ओढून काढली गाडी.

त्याहून संतापजनक प्रकार टायरचा. गाडी सजवताना पुढे दोन नवे टायर टाकतात, मागे गुळगुळीत तसेच ठेवतात. घेर वेगळा झाला की पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही, क्लच घसरत राहतो, तापतो आणि जळतो. ज्या यंत्रणेसाठी लाखभर जास्त मागायचे तिचीच अशी वाट लावायची! शिवाय ताम्हिणी घाट उतरताना ओल्या वळणावर गाडी आवरतात ते ब्रेक आणि टायर. मागे गेलेली ताकद तिथे काडीची उपयोगी नाही. हे एकही विक्रेता सांगत नाही.

कागदांचंही तेच. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र सक्तीचं आहे. तरीही मूळ मालकाच्या सह्या घेतलेले मालकी बदलाचे 29-30 नंबरचे फॉर्म खिशात घालून हिंडणारे एजंट आहेतच. त्यांना दारात उभं करू नका.

गाडीच्या मागे लावलेली ‘एडब्ल्यूडी’ (चारही चाकांना ताकद) ही अक्षरं बाजारात विकत मिळतात. गाडी रॅम्पवर चढवायला लावा. मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आहे का, मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळतंय का, स्वतः पाहा. मग ओल्या चढावर चालवून पाहायला मागा. विक्रेता नाही म्हणाला, तर दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा भाव सांगा, एक रुपया जास्त नाही.