जैन काउंटर ठेवा, पण आमचा डबा अडवू नका



परवा मंडळाच्या ग्रुपवर सहलीचा निरोप आला. डिसेंबरात पाठशाळेची मुलं, त्यांच्या आया आणि ज्यांना झेपेल त्या आज्या, अशी सगळ्यांनी थीम पार्कला जायचं. तिकिटातच नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "जैन काउंटर उपलब्ध. कुणीही डबा आणू नये, आत नेऊ देत नाहीत." त्याखाली टाळ्यांची आणि जोडलेल्या हातांची ही लांबलचक रांग. एकीने तर लिहिलं, "शेवटी आपल्या समाजाची दखल घेतली!"

मी टाळी वाजवली नाही. त्यावर दोघींनी फोन करून विचारलं, "तुला आता काय खुपलं?" ग्रुपवर चार ओळींत सांगता येण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी गेल्या मे महिन्यातली हकिकत. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. आम्ही घरचे सातजण गेलो होतो, सासूबाई बरोबर होत्या. तुमच्यापैकी ज्या त्यांना ओळखतात त्यांना माहीत आहे की गेली एकवीस वर्षं त्या घरचं गाळून उकळलेलं पाणीच पितात. त्यांच्या पिशवीत पाण्याच्या दोन स्टीलच्या बाटल्या, आणि माझ्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बिनलसणाचं भडंग. दारावर एक पोरगेलासा रखवालदार होता. त्याच्या खुर्चीला त्याचा स्वतःचा डबा पिशवीत अडकवलेला. बोलायला अगदी नम्र. "आजी, आत पाण्याची बाटली मिळते." सासूबाईंनी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतलं, वरच्या साहेबांना विचारून आला, आणि साहेबांनी नाही म्हटलं. बाटल्या झाडाच्या आळ्यात ओतल्या. डबा लॉकरमध्ये ठेवला, त्याचं भाडं वेगळं. एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर पुन्हा आत घेत नाहीत.

सकाळी साडेदहापासून संध्याकाळी सहापर्यंत, मे महिन्याच्या उन्हात, पंचाहत्तरीची बाई थेंबभर पाण्याशिवाय एका छत्रीखाली बसून राहिली. नातवंडं पाळण्यात वर गेली की हात हलवायची. आम्ही परत जाऊया म्हटलं, तर म्हणाल्या, "पोरांचे पैसे भरलेत, खेळू दे." गाडीत ठेवलेली तिसरी बाटली त्यांनी तोंडाला लावली तेव्हा दिवस मावळायला पाऊण तास उरला होता.

आणि हो, आत जैन काउंटर होतं. हिरवी पाटी, मोठी अक्षरं.

कुणी म्हणेल, पार्कवाल्यांचा हा धंदाच आहे. आहेच. पण तो पहिल्यापासून असा नव्हता, हे थोडं वाचल्यावर मला कळलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये 'नॉट्स बेरी फार्म' नावाचं जुनं थीम पार्क आहे. वॉल्टर नॉट हा शेतकरी रस्त्याच्या कडेला बेरी विकायचा. १९३४ साली त्याच्या बायकोने, कॉर्डेलियाने, आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत पहिल्यांदा आठ गिऱ्हाइकांना जेवण वाढलं, ६५ सेंटला एक ताट. जेवण कोंबडीचं होतं, ते आपण सोडून देऊ. पण त्या बाईच्या हाताला अशी चव की पुढे लोक तासन्‌तास रांगेत उभे राहायला लागले. मग रांगेतल्या माणसांचा वेळ जावा म्हणून नवऱ्याने आजूबाजूला जुन्या गावासारखी घरं-दुकानं उभी केली आणि होता होता त्याचं पार्क झालं. म्हणजे तिथे आधी स्वयंपाकघर होतं, खेळ नंतर आले. जेवणासाठी थांबलेल्यांना कंटाळा येऊ नये म्हणून खेळ. आज नेमकं उलट आहे. खेळात अडकलेल्या माणसाला भूक लागणारच, आणि ती भागवायला त्याच्याकडे दुसरा मार्ग ठेवायचा नाही.

तिथून जवळच १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. खाण्याच्या बऱ्याचशा जागा त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांना चालवायला दिल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी इतकी गर्दी लोटली की खाणंपिणं संपून गेलं. तेव्हा जेवण ही सोय होती, माणूस उपाशी राहू नये एवढ्यापुरती. पुढे त्यांच्या लक्षात आलं की जेवण हासुद्धा खेळ करता येतो. १९६७ मध्ये तिथे 'ब्लू बायू' नावाचं हॉटेल निघालं, चाच्यांच्या खेळाच्या इमारतीतच. आत कायम रात्रीचा देखावा, दिवे मंद, शेजारून प्रवाशांच्या होड्या जातात. (भर दुपारी जेवलं तरी रात्रिभोजन केल्यासारखं वाटावं, अशी व्यवस्था!) २०१० मध्ये ऑर्लँडोला हॅरी पॉटरच्या गोष्टीतलं गाव उभारलं आणि त्या गोष्टीतलं 'बटरबिअर' हे पेय खरोखर विकायला ठेवलं. नावात बिअर असली तरी त्यात दारू नाही. पोरं पाळण्यासाठी लावतात तशी त्या पेयासाठी रांग लावतात.

ह्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ज्याला हौस आहे त्याने खावं, प्यावं, फोटो काढावेत. आपल्याकडेही १९८४ साली दिल्लीला अप्पू घर झालं, १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. जेवणाची जागा सजवायची पद्धत आपल्याकडेही आली, आणि ते बघायला मलाही मजा येते. माझं भांडण एवढ्याशीच आहे की आतलं जेवण खपवण्यासाठी दारात घरचा डबा का अडवायचा? इतकं चांगलं असेल तर डबा जवळ असूनही लोक विकत घेतील की!

आणि हे जगभर असंच असतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत आजही घरचं खाणं आत नेता येतं. काचेची बाटली नको, दारू नको, बाकी आपलं आपण खा. तोकियोला मात्र तसं नाही. तिथलं डिस्नेलँड १९८३ मध्ये सुरू झालं. जपानी माणसाचा 'बेंतो' म्हणजे आपला डबाच, आई पहाटे उठून भरते तो. तो आत न्यायचा नाही. खायचाच असेल तर दाराबाहेर त्यासाठी जागा केली आहे, तिथे बसा. शांघायलाही हाच नियम होता. तिथे २०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या एका मुलीच्या पिशवीतला खाऊ दारात अडवला. सगळा मिळून ४६ युआनचा. ती गप्प बसली नाही, कोर्टात गेली. तिचं म्हणणं सरळ होतं: अमेरिकेत चालतं, युरोपात चालतं, मग आमच्याच पिशव्या का उचकता? शेवटी तडजोड झाली, कंपनीने तिला ५० युआन दिले आणि त्याच सप्टेंबरात नियम बदलला. गरम करावे लागणारे किंवा उग्र वासाचे पदार्थ असं थोडं सोडून लोक आता आपलं खाणं आत नेतात. एका विद्यार्थिनीने एवढं करून दाखवलं. आपण शंभरावर बायका ग्रुपमध्ये आहोत आणि टाळ्या वाजवतोय.

आता त्या जैन काउंटरकडे येते. त्या दिवशी मी मुद्दाम जाऊन सगळं बघून आले. जैन पावभाजी होती, बटाट्याऐवजी कच्चं केळ घातलेली. तवा मात्र तोच, शेजारच्या काउंटरवरच्या कांद्याच्या भाजीचा, आणि उलथनंही तेच. पनीरची भाजी होती. दहीवडा होता! त्यावर 'जैन' अशी चिठ्ठी खोचलेली. कांदा नाही, लसूण नाही, म्हणून जैन. उडदाच्या वड्यावर दही म्हणजे द्विदळ, हे पाठशाळेतली तिसरीतली पोरगी सांगेल. पीठ कधी दळलं, पाणी गाळलं का, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर तो बिचारा मुलगा म्हणतो, "ताई, पाकिटावर लिहिलंय."

ह्या सगळ्यावर कडी म्हणजे रात्रीच्या जेवणाची वेळ. जैन थाळी संध्याकाळी साडेसातपासून! मैत्रिणींनो, डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. आपल्या मंडळाने ज्या पॅकेजला टाळ्या दिल्या आहेत त्यातही रात्रीचं जेवण सातला सुरू होतं, मी फोन करून विचारलं. पाठशाळेत आपण मुलांकडून रात्रिभोजनाच्या त्यागाचे नियम घेतो, कोण महिन्याचा घेतं, कोण वर्षाचा. मग त्याच मुलांना आपणच बसमध्ये घालून न्यायचं आणि सूर्य मावळल्यावर 'जैन' पाटीखाली उभं करायचं? मुलगी विचारेल, "मम्मी, हे जैन आहे ना? मग खाऊ?" तेव्हा काय सांगायचं ते मला कुणीतरी आधी सांगून ठेवा.

मी इतकी सोवळी नाही. मुंबईला जाताना हॉटेलात बिनकांद्याचा डोसा मीही खाते. ज्याला जेवढं झेपतं तेवढं त्याने पाळावं, कमी पाळणाऱ्याला टोकू नये, हे मला पटतं. पण म्हणूनच डबा हवा. डब्यात प्रत्येकीला आपापल्या नियमाचं नेता येतं. माझ्या सासूबाईंचं पाणी वेगळं, माझ्या जावेचं चतुर्दशीचं वेगळं, पोरांचं वेगळं. काउंटर सगळ्यांना एकाच मापाने मोजतं, आणि ते माप आपण ठरवलेलं नसतं. आज 'जैन' म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नाही, एवढाच अर्थ बाजाराने ठेवला आहे. आणखी दहा वर्षांनी आपली मुलंही तेवढाच अर्थ धरून चालतील.

आता खरी अडचण. एका मैत्रिणीने मला फोनवर स्पष्ट सुनावलं, "डबा-डबा करतेस, तो करणार कोण? पहाटे चारला आम्हीच उठायचं ना? एक दिवस तरी ओट्यापासून सुटका नको?" तिचं शंभर टक्के खरं आहे. त्याच्यावर माझ्याकडे धर्माचं उत्तर नाही आणि देणारही नाही. सुटका हवी, मलाही हवी. पण मग तसं म्हणूया ना! "आम्हाला सुट्टी हवी" असं घरात म्हणायला आपण कचरतो आणि "तिथे जैन मिळतं" ह्या वाक्याआड लपतो. दशम्या, खाकरे, भडंग, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, ह्यातलं किती आदल्या दिवशी करता येतं! प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा. आमच्याकडे ह्यांना चिरमुरे भाजता येतात, मीच शिकवलंय. तुमच्याकडच्या पुरुषांनाही येईल, हात भाजला तर गॅस कमी करायला सांगा.

कायद्याचं म्हणाल तर तो सध्या आपल्या फार कामाचा नाही. ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने चित्रपटगृहांबाबत निकाल दिला की जागा खाजगी आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. तान्ह्या बाळाचं खाणं आणि मोफत पिण्याचं पाणी एवढी काळजी मात्र घ्यायची. पार्कवाले हाच मुद्दा पुढे करणार. नळावरचं मोफत पाणी सासूबाईंच्या उपयोगाचं नाही, तो भाग वेगळा.

पण कोर्टात नसलेला जोर आपल्याकडे दुसऱ्या ठिकाणी आहे. एकट्या-दुकट्या कुटुंबाला दारावरचा माणूस परत पाठवू शकतो. दोन बस भरून येणाऱ्या मंडळाला बुकिंग खात्याचा माणूस "बघतो मॅडम" म्हणतो. मी विचारून बघितलं, खरंच तसं म्हणाला. पैसे भरायच्या आधी आपण लेखी मागायचं. व्रताचं पाणी आणि कोरडा डबा आत न्यायची परवानगी. सावलीत बसून खायला एक जागा. ज्यांना तिथलं खायचं आहे त्यांना साडेपाचपर्यंत ताट. आणि जे डबा आणतील त्यांच्या तिकिटातून जेवणाचे पैसे वजा. नाही म्हणाले तर दुसरं पार्क, तेही नाही म्हणालं तर बाहुबलीला जाऊ, तिथे डोंगर चढायला पोरांना पाळण्याइतकीच मजा येते आणि दिवस मावळायच्या आत जेवणही मिळतं.

पत्र मी लिहून ठेवलं आहे, दीड पानाचं. रविवारी दर्शन करून परतताना घरी या, वाचा, पटलं तर सही करा, खोडायचं असेल ते खोडा. सासूबाईंनी पहिली सही केली आहे. चहा आणि भडंग असेल.