आरोग्य : दान की देणे?

लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे धरणीकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्या घटनेस बरोबर तीस वर्षे झाली, त्याच दिवशी शेजारच्या नांदेड शहरात एक निराळाच संहार सुरू झाला. तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांतील चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. पुढील दिवसाची भर पडून मृतांची संख्या ३१ झाली. किल्लारीचे संकट कोणीच आणलेले नव्हते, म्हणून तेथे केवळ शोक करणे शक्य होते. नांदेडच्या मृत्यूंसंबंधी मात्र शोक करून मोकळे होता येत नाही. तेथे जाब विचारावा लागतो. तो कोणी कोणास विचारावयाचा, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

त्या वेळी जाब विचारण्याची जी रीत दिसली, ती वाचकांस आठवत असेलच. एका लोकप्रतिनिधीने रुग्णालयात जाऊन तेथील अधिष्ठात्यांकडून शौचकूप साफ करवून घेतले, आणि त्याची चित्रे देशभर फिरली. शौचकूप घाण होते हे खरे. पण ते साफ करण्यासाठी पुरेशी माणसे नेमणे हे ज्यांचे काम, त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती त्या दिवशी झाडू आला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली. तेथे शासनाच्या बाजूने मुख्यतः असे सांगण्यात आले की, यांतील बरेचसे रोगी खाजगी रुग्णालयांतून अगदी अखेरच्या अवस्थेत आणले गेले होते.

हे म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, हा बचाव नसून हाच मूळ आरोप आहे! रोगी अत्यवस्थ होईपर्यंत तो होता कोठे? दर पाच हजार वस्तीस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, अशी मांडणी कागदावर कित्येक वर्षांपासून आहे. या पायऱ्या शाबूत असत्या, तर किनवट-माहूरकडील अडलेल्या बाळंतिणीस शंभरावर किलोमीटर दूर असलेल्या नांदेडची वाट धरण्याचे कारणच काय? पण पायरीवर इमारत असते तर डॉक्टर नसतो, डॉक्टर असतो तर भूल देणारा नसतो, दोघेही असतात तेव्हा औषध बाहेरून आणावयास सांगतात. मग घरचे लोक दागिना मोडून खाजगी रुग्णालय गाठतात. पैसा संपला की तेथूनही त्यांची बोळवण होते, आणि अखेरचा श्वास घेण्यासाठी रोगी सरकारी दारात येतो. नांदेडचे ते रुग्णालय पाचशे खाटांच्या मानाने उभारलेले. त्यावर शेजारच्या जिल्ह्यांचा आणि तेलंगणातील सीमेवरच्या गावांचाही भार. एवढा भार पेलणाऱ्या संस्थेस औषधे तरी वेळेवर मिळावीत? औषधखरेदीचे काम हाफकिनकडून काढून २०२३ मध्ये नव्या प्राधिकरणाकडे देण्यात आले. आणि त्या प्राधिकरणास स्वतंत्र, पूर्णवेळ प्रमुख नाही ही गोष्ट उच्च न्यायालयासमोर आली ती मृत्यू घडून गेल्यानंतर.

ही स्थिती मराठवाड्याचीच आहे असे समजण्याचे कारण नाही. वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत आयुष्य घालविलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक उलटा नियम मांडला : जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत अधिक, तेथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या स्वाधीन करावी, तितका हा नियम अधिक कठोर होतो. आज जपानात जन्मलेल्या मुलास सरासरीने चौऱ्याऐंशी वर्षे आयुष्याची आशा धरता येते. नायजेरियात जन्मलेल्यास पंचावन्नच्या आसपास. देशादेशांचे राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ साली दाखवून दिले की, ग्लासगो शहराच्या कॅल्टन या दरिद्री भागातील पुरुषाचे अपेक्षित आयुष्य ५४ वर्षे, तर तेथून थोड्याच अंतरावरील लेन्झी येथील पुरुषाचे ८२. एकच हवा, एकच राजा, एकच कायदा. आणि अंतर अठ्ठावीस वर्षांचे! हे अंतर जंतूंनी पाडलेले नाही. ते माणसांनी पाडले आहे, म्हणून माणसांस बुजविताही येईल.

लातूरचे उदाहरण तर या बाबतीत मोठे बोलके आहे. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. दरवर्षी गावोगावची मुले तेथे खोल्या घेऊन राहतात, रात्रीचा दिवस करतात, आणि त्यांतून वैद्यकीय महाविद्यालयांस विद्यार्थ्यांचा अखंड पुरवठा होतो. असे भावी डॉक्टर घडविणाऱ्या या प्रांतातच खेड्यातील रोग्याने डॉक्टरची वाट पाहत बसावे, याहून मोठा विरोधाभास कोणता? त्या मुलांस दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या बापाने शिकवणीसाठी शेत गहाण टाकले, त्याच्या मुलाने मोडक्या निवासस्थानात, अपुऱ्या औषधांवर आणि नातेवाइकांच्या रोषात एकट्याने दिवस काढावेत, अशी अपेक्षा शासनाने कोणत्या तोंडाने करावी?

यावर असे सांगतात की, आता योजना आहेत, कार्डे आहेत, शिबिरे आहेत. आहेत खऱ्या. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. तिच्यामुळे कित्येकांची हृदये दुरुस्त झाली, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण ही योजना ठरावीक शस्त्रक्रियांचा आणि उपचारांचा खर्च भरते. ती गावात डॉक्टर नेमीत नाही, नवजात कक्षात परिचारिका वाढवीत नाही, बुडालेली मजुरी भरून देत नाही. कार्ड खिशात असले म्हणून काही खाटेजवळ परिचारिका येऊन उभी राहत नाही! आणि योजनेच्या कागदावर पुढाऱ्याचे चित्र छापलेले असते, त्यातच सारे मर्म आहे. ज्यावर देणाऱ्याचे चित्र असते ते दान. ऋणको ऋण फेडताना आपले चित्र छापून देत नाही.

आरोग्य हे ऋण आहे, आणि त्याचे दस्तऐवजही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ च्या घटनेने आरोग्यास मूलभूत अधिकार म्हटले. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ते आले. आर्थिक व सामाजिक हक्कांच्या १९६६ च्या कराराने राष्ट्रांस बांधून घेतले, आणि भारताने तो १९७९ साली स्वीकारला. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य ठरविले आहे. आगगाडीतून पडलेल्या एका मजुरास कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविले, त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निर्णय दिला की, तातडीचा उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब होऊ शकत नाही. त्याहीपूर्वी, नांदेड निजामाच्या राज्यात होते त्या काळात, १९४६ साली भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी योजना आखली. तिच्या दूरच्या पल्ल्यात दर दहा ते वीस हजार वस्तीस ७५ खाटांचे रुग्णालय होते. आज ते वाचताना स्वप्न वाटते. लिहिणाऱ्यांस तो हिशेब वाटला होता.

‘पण पैसा कोठून आणावा?’ असा व्यवहारी प्रश्न उरतोच. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे महामारीच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. हे प्रमाण पूर्वीपेक्षा उतरले आहे हे मान्य. तरी त्याचा भार सर्वांत दुबळ्या खिशावरच पडतो. शिवाय पैसा मिळत नाही हे लातूरकरांनी तरी मानू नये. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. कर्ज काढले, अधिकारी नेमले, काम झाले. कारण तेव्हा ते केलेच पाहिजे असे सर्वांस वाटले. जे एकाच पहाटे घडते ते आपणांस दिसते, आणि जे रोज थोडे थोडे घडते ते दिसत नाही, हा दोष तिजोरीचा नाही.

म्हणून आमची मागणी मोघम नाही. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने त्याहून चांगला करून दाखवावा. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दारावर मंजूर पदे किती, भरलेली किती आणि आज औषधे कोणती शिल्लक आहेत, हे मराठीत लिहिलेले असावे. रोग्यास परत पाठविताना कारण लेखी द्यावे. अर्भकांच्या मृत्यूंची चौकशी होईल तिचा वृत्तांत छापून प्रसिद्ध व्हावा. आणि रिकाम्या पदांचा जाब अधिष्ठात्यांस न विचारता पदे भरणाऱ्या मंत्रालयास विचारला जावा.

शेवटी एक शब्द सुशिक्षित मध्यमवर्गास. हा वर्ग आजारी पडला की हैदराबाद किंवा पुणे गाठतो, आणि सरकारी रुग्णालयाविषयी केवळ हळहळतो. जी संस्था बोलक्या वर्गाने सोडली तिचा कैवार घेणारा कोणी उरत नाही. मग ती गरिबांची राहते, आणि जी केवळ गरिबांची राहते ती लवकरच गरीब होते. त्या रुग्णालयात दान देऊन पुण्य जोडावे, असे आम्ही सुचवीत नाही. आपल्या करांतून ते चालते, त्याचे अंदाजपत्रक मागवावे, वाचावे आणि प्रश्न विचारावेत. देणेकरी आपण होऊन दारात येत नसतो. तगादा लावावा लागतो.