खो-खोच्या मैदानावर लोखंड हवंच

धाराशिव जिल्ह्याला खो-खोचा अभिमान आहे आणि तो साधार आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. तिथे नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. पण या यशाच्या आड एक समज घट्ट रुतून बसला आहे. खो-खो हा चपळाईचा खेळ. वजनं उचलली की अंग आखडतं, पाय जड पडतात, म्हणून डंबेल आणि बारबेल शहरातल्या हौशी लोकांना लखलाभ असोत, असं मैदानाच्या कडेला उभी असलेली जाणती माणसंही ठामपणे सांगतात.

हा समज खोटा आहे, आणि त्याची किंमत मुलींचे गुडघे मोजतात.

तो कुठून आला, हे मात्र समजण्यासारखं आहे. गावोगावी निघालेल्या जिममध्ये पोरगं सहा महिने छाती आणि दंडाचे व्यायाम करतं, पळणं सोडतं, आणि मैदानावर परतलं की धापा टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, वजनांनी याला बिघडवलं. बिघडवलं ते चुकीच्या आखणीने. शरीरसौष्ठवाचा तक्ता खेळाडूच्या हातात दिला, तर दुसरं काय होणार? स्नायू फुगवणं आणि ताकद वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जड वजन, मोजक्या आवर्तनांत, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन उचललं, की पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेची कामगिरी: असलेल्याच स्नायूंतले जास्त तंतू एकाच क्षणी कामाला लागतात. शरीराचं वजन फारसं हलत नाही, जमिनीला दिलेला रेटा मात्र वाढतो. आणि वेग म्हणजे अखेर त्या रेट्याचंच फळ.

खो मिळालेल्या आक्रमक मुलीकडे नीट पाहावं. ती तीस सेंटिमीटरच्या चौकोनात दबा धरून बसलेली असते. पाठीमागून ‘खो’ येतो आणि तिला खालूनच, जवळजवळ एका पायाच्या जोरावर, पुढे झेपावायचं असतं. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, त्यामुळे पहिली दोन पावलंच संरक्षकाचा निकाल लावतात. पुढे खांबाशी सूर मारायचा, पडायचं, उठायचं. तिकडे संरक्षक मुलगी हूल देऊन भरधाव वेगात कच्चकन थांबते आणि उलटी वळते. त्या थांबण्यात सगळा भार गुडघ्यावर येतो. हा भार पेलायला मांडीचा मागचा भाग आणि नितंबाचे स्नायू तयार नसतील, तर तो सांध्याच्या अस्थिबंधावर जातो. वळण्या-थांबण्याच्या खेळांत गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे क्रीडावैद्यकाने वारंवार दाखवलं आहे. उतरताना गुडघा आत झुकू न देण्याचा सराव आणि पायाच्या स्नायूंची ताकद यांनी ते कमी होतं, हेही दाखवलं आहे. मांडीच्या मागच्या स्नायूसाठीचा ‘नॉर्डिक’ हा व्यायाम तर बिनखर्चाचा. गुडघे टेकून बसायचं, सोबतिणीने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत या एका व्यायामाने मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

दुसरा आक्षेप आईबापांचा: वाढत्या वयात वजन उचललं तर उंची खुंटते. देखरेखीखाली, बेताने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटते असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तर ५ ते १७ वयाच्या मुलांना आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी हालचाल करायला सांगतात. पळताना प्रत्येक पावलाला एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तो आपण बिनधास्त येऊ देतो आणि शिक्षकासमोर सावकाश उचललेल्या दहा किलोला घाबरतो.

तिसरा आक्षेप जास्त आदराने ऐकायला हवा, कारण तो तालमीतून येतो. जोर-बैठका असताना हे लोखंड कशाला? धाराशिवात कुस्ती घराघरात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शिवराज राक्षेने महाराष्ट्र केसरीची गदा याच शहरात जिंकली. तालमीने शिकवलेलं टाकून द्यावं, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तालीम केवळ जोर-बैठकांवर कधीच थांबली नाही. करेला, गदा, संतोला ही वजनंच आहेत, आणि ती चढत्या क्रमाने पेलायची असतात. हजार बैठका काढणाऱ्याचा दम वाढतो; ताकद मात्र, भार वाढत गेला नाही तर, एका टप्प्यावर थांबते. थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना टप्प्याटप्प्याने वजन वाढवत उभं केलं आणि १९४५ मध्ये ती पद्धत मांडली. जुना वस्ताद प्रत्येक पठ्ठ्याचं अंग, आहार, झोप पाहून मेहनत ठरवायचा. आज शहरात ज्याला पर्सनल ट्रेनर म्हणतात, त्याने करायचं ते हेच.

दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी तो करतो ते वेगळंच. सर्वांना एकच तक्ता, वर पावडरचा डबा, आणि कधी कधी सुईदेखील. खेळाडूच्या बाबतीत हा गुन्हा आहे. उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ट्रेनरने दिलं, डब्यात भेसळ होती, असं म्हणून सुटका होत नाही. पन्नास किलोच्या खेळाडू मुलीला दिवसाला साधारण ६० ते १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती या जिल्ह्याच्या मातीत आहेत: हरभरा, तूर, शेंगदाणे, सोयाबीन, दूध, अंडी. प्रश्न पावडरीचा नाही, ताटाचा आहे. सुमारे दशकभर आपण दिवसाला जेमतेम एका जेवणावर काढलं, असं अर्जुन पुरस्काराच्या वेळी सारिका काळेने सांगितलं होतं. “ती कुठे जिमला गेली होती?” असं विचारणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं. तिच्या जिद्दीला तोड नाही, पण उपासमार ही काही प्रशिक्षणाची पद्धत नव्हे. शिवाय पदकापर्यंत पोचलेली एक सर्वांना दिसते. गुडघा गेला म्हणून सतराव्या वर्षी मैदान सोडलेल्या मुलींची नोंद कुठल्याच वहीत नसते.

हाच हिशेब पोलीस भरतीलाही लागू पडतो. पहाटे रस्त्याने पळणारी पोरं-पोरी जिल्ह्यात कुठेही दिसतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गोळाफेकीचे आहेत: मुलांना ७.२६ किलो, मुलींना ४ किलो. गोळाफेक म्हणजे निखळ ताकद आणि तंत्र. तरी महिनोन्‌महिने सराव चालतो तो फक्त पळण्याचा.

करायचं काय, ते अवघड नाही. आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं. सुरुवातीला लोखंडही नको, एक काठी पुरे. ती पाठीवर उभी धरायची, डोक्याला, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकलेली. कंबरेतून वाकताना तीनपैकी एकही जागा सुटता कामा नये. ते जमलं की पायरीवरून उडी मारून आवाज न करता उतरणं, मग वाळूची पिशवी, मग बारबेल. प्रत्येकीच्या नावाने वही, तिच्यात उचललेलं वजन, पाळी, झोप, दुखणं. मासिक पाळी वरचेवर चुकत असेल तर ते अपुऱ्या खाण्याचं लक्षण असू शकतं, आणि ते विचारण्याइतका विश्वास मुलीला वाटेल अशी प्रशिक्षक हवी.

अशा प्रशिक्षक आणायच्या कुठून? जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि खेळून निवृत्त झालेल्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका काळे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती; म्हणजे खेळाडूच्या हाती मैदान सोपवण्याची वाट शासनाला ठाऊक आहे. खो-खो महासंघानेही २०२१ च्या सुरुवातीला देशभरातल्या निवडक खेळाडूंसाठी शास्त्रोक्त प्रशिक्षणाचं शिबिर घेतलं होतं. निवड झालेल्यांना दिल्लीकडे जे मिळतं, ते निवड व्हायच्या आधी परंडा, लोहारा, वाशीच्या मुलींना मिळायला हवं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. जिल्ह्याने दरवर्षी दोन माजी खेळाडूंना खर्च देऊन अशा अभ्यासक्रमाला पाठवलं, तर चार वर्षांत आठही तालुक्यांना आपापली ताकदीची प्रशिक्षक मिळते.