मृत्युकूप आणि दहा रुपयांची नोट

सुगी संपून यात्रांचे दिवस आले, कीं गांवाबाहेरच्या माळावर पाळणे, मिठाईचीं दुकानें व तंबू यांची एक तात्पुरती नगरी वसते. तींतील ‘मौत का कुआँ’ हा खेळ मुलांस पहावयाचा असतो, आयांस त्याची भीति वाटते, आणि वडील मंडळींचें मत तिकिटाच्या खिडकीपाशीं पोंचेपर्यंत ठरलेलें नसतें. असले खेळ सहकुटुंब पहावे किंवा नाहीं, असा प्रश्न आमच्या पालकवर्गांत वारंवार निघतो. म्हणून त्यासंबंधीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. खेळ अवश्य पहावा. परंतु भिंतीवरील स्वारापुढें नोट धरूं नये.

हा खेळ मूळचा आपला नव्हे. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरांतील कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणीं १९११ सालीं फळ्यांचा असा गोल मार्ग उभारला गेला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या उतरत्या भिंती सरळ उभ्या झाल्या. १९२९ सालीं तो इंग्लंडांत साउथएंड येथें आला. तेथील ‘टोर्नेडो’ स्मिथ नांवाचा स्वार तर फटफटीच्या जोडगाडींत सिंहीण बसवून भिंतीवर फिरे! सिंहिणीचें मत कोणीं विचारल्याचें आढळत नाहीं. तिकडे हा खेळ आतां क्वचितच दिसतो. आपल्याकडे माहीमच्या मेळ्यापासून खेड्यापाड्यांच्या यात्रांपर्यंत तो टिकून आहे, आणि फटफट्यांच्या जोडीस मोटारीही भिंतीवर चढतात. जिचें उत्पादन २०१४ सालींच बंद झालें, ती मारुति ८०० या कामीं अद्याप सेवेंत दिसते.

विद्यार्थ्यांनीं हा खेळ पहावा असें आम्ही म्हणतों, तें त्यांतील शास्त्रासाठीं. कूप म्हणजे लोखंडी सांगाड्यावर आंवळलेल्या फळ्यांचें एक प्रचंड उभें पिंप. स्वार प्रथम तळाशीं फेऱ्या घेतो, मग तिरप्या फळ्यांवर येतो, आणि पुरेसा वेग मिळतांच उभ्या भिंतीवर चढतो. तेथें चाक भिंतीस दाबतें, भिंत त्यास मध्याकडे ढकलते, आणि या दाबामुळें उत्पन्न होणारें घर्षण त्यास खालीं घसरूं देत नाहीं. कूपाची त्रिज्या ५ मीटर व घर्षणांक ०.६ धरला, तर सेकंदास सुमारें ९ मीटर, म्हणजे तासास ३२ किलोमीटर, एवढाच किमान वेग लागतो. गाडीचें वजन या समीकरणांतून गळून जातें, हें ज्यांस पटत नसेल त्यांनीं तें मांडून पहावें. वेग ३६ किलोमीटर झाला, कीं ६० किलो वजनाच्या स्वारास आपलें अंग सुमारें १३५ किलोंचें झाल्यासारखें भासतें; आणि अशा स्थितींत तो दोन्ही हात सोडून हंसतो! लोक यास वेडें साहस म्हणतात. आमच्या मतें ही मोजलेली गति आहे, रोजचा सराव आहे, यंत्राची निगा आहे. धोका असतो तो फळीवर सांडलेल्या तेलाचा, अवचित बंद पडणाऱ्या यंत्राचा, फुटणाऱ्या टायरचा, आणि माथ्याच्या कडेचा.

या कडेसंबंधींच आमचें भांडण आहे. गेल्या यात्रेंत एका रात्रीं जेवणें उरकून आम्ही घरचीं सहा माणसें हा खेळ पहावयास गेलों. लाकडी जिना चढून वर उभें राहतांच पायांखालचा सज्जा थरथरूं लागला. आजींनीं कानांवर पदर घेतला, पण डोळे कांहीं मिटले नाहींत. स्वार मधल्या उंचीवर इतका स्थिर फिरत होता, कीं जणुं दोऱ्यानें बांधला आहे. इतक्यांत प्रेक्षकांनीं नोटा पुढें धरल्या. तो आपली वाट सोडून वर, पार माथ्याजवळच्या पोलादी दोराशीं आला, आणि एका हातानें नोटा टिपूं लागला. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं तो जवळ येतांच नोट मागें घेतली. तो पुन्हां आला, त्यांनीं पुन्हां मागें घेतली. तिसऱ्या फेरीस त्यास ती मिळाली. लोक खदखदून हंसले. आमच्या धाकट्यानें हात पुढें केला, “बाबा, मलाही एक दहाची द्या ना.” आम्हीं दिली नाहीं, तो रुसला.

यावर कोणी म्हणेल, कीं त्या नोटांवरच त्या लोकांचा चरितार्थ चालतो. तुम्ही त्यांच्या मुखांतला घास काढतां. हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास ‘दया’ या शब्दानें उत्तर देतां येत नाहीं. परंतु पैसा देणें निराळें आणि पैसा दाखवून माणसास कडेपर्यंत ओढून आणणें निराळें. तिकिटाचे पैसे कौशल्याचे असतात. ही नोट त्यापुढच्या दोन हात धोक्याची किंमत असते, आणि ती ठरवितो कोण, तर सुरक्षित सज्जावर उभा असलेला माणूस! ब्रिटनमधील स्वार सांगतात, कीं त्यांचा विमा उतरावयास कोणी तयार होत नाहीं. म्हणून तेथें खेळ संपल्यावर प्रेक्षक खालीं नाणीं टाकतात. त्या वेळीं गाडी थांबलेली असते. सारा फरक एवढाच, पण तो मोठा आहे. आम्हींही खेळ संपल्यावर जिन्याखालीं थांबलों, आणि धाकट्याच्या हातानेंच नोट देवविली. स्वाराचे हात तेलानें काळे झाले होते, त्यानें ती दोन बोटांनीं टोकाशीं धरली आणि “कितवींत आहेस?” म्हणून विचारलें.

दुसरी एक गोष्ट पालकांच्या कानांवर घालतों. यात्रेहून परतलेला मुलगा वडिलांच्या फटफटीकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानें अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि त्या मुलास २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. कूपांत समोरून बैलगाडी येत नाहीं, हें मुलांस घरींच समजावून दिलें पाहिजे.

यात्रा भरविणाऱ्या मंडळींस आमची विनंति आहे, कीं खेळास जागा देतांनाच मालकाकडून दोन अटी कबूल करून घ्याव्या: नोटा धरण्यास बंदी, आणि जिन्याच्या पायथ्याशीं स्वारांसाठीं एक कुलूपबंद पेटी, जी रोज रात्रीं त्यांच्याच समक्ष उघडावी. त्यासाठीं तिकीट दुप्पट झालें, तरी आम्ही सहा तिकिटें काढूं.