नळी दिली, आता नर्सही द्या

संघटनेच्या सभेत पगार, पेन्शन, बदल्या, क्वार्टर यांवर आपण तासन्‌तास बोलतो. लघवी हा शब्द मात्र कोणी तोंडातून काढत नाही. आज आम्ही मुद्दाम तोच विषय घेत आहोत. आपल्या अनेक निवृत्त साथींच्या घरी हा प्रश्न रोजचा आहे आणि लाजेपोटी तो दाराआडच राहतो.

आमच्या शाखेचे एक जुने सभासद. उभी हयात कीमन म्हणून ऊन-पावसात रूळ तपासत चालले. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली, दवाखान्यात नळी घातली आणि चौथ्या दिवशी घरी पाठवले. कागदावर औषधांची नावे आणि पुन्हा यायची तारीख, एवढेच होते. पिशवी जमिनीवर घाण होईल म्हणून वहिनींनी ती उशाकडच्या खिळ्याला टांगली. आठवड्याच्या आत हुडहुडी भरून ताप आला आणि त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. वहिनी आजही स्वतःलाच दोष देतात. आम्ही विचारतो, त्यांना कोणी काही सांगितले होते का?

स्टेशनची पाण्याची टाकी उंचावर का बांधतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पिशवी वर टांगली तर साठलेली लघवी उलटी मूत्राशयात जाऊ शकते आणि तिच्याबरोबर जंतूही जातात. म्हणून पिशवी कायम कंबरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. बाजेच्या खालच्या पट्टीला अडकवली की काम होते. नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. नळी शरीरात शिरते ती जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ करावी. पुसताना शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसावे. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधावी, तिला पीळ पडू देऊ नये. पिशवी अर्ध्याहून जास्त भरली की रिकामी करावी. नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो. त्यामुळे ती ओढून काढायचा प्रयत्न कोणीही करू नये. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी भरपूर प्यावे. ‘पाणी कमी प्यायलो तर त्रास कमी’ हा समज घातक आहे. पिशवीत लघवी येणे थांबले, ओटीपोट दुखू लागले, थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेले किंवा म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट. लघवीवर ताबा राहिला नाही म्हणजे नळीच हवी, असे नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाला दर दोन-तीन तासांनी आठवणीने भांडे दिले तर पुष्कळदा अंथरूण कोरडे राहते. पुरुषांसाठी बाहेरून लावायची पिशवी मिळते, डायपर मिळतात. मात्र ओली कातडी लवकर सोलते, म्हणून ती धुऊन कोरडी ठेवावी लागते. कोणाला काय योग्य, हे घरी येऊन माणूस पाहणारी नर्सच नीट सांगू शकते.

आमचे भांडण इथेच आहे. निवृत्त होताना एकरकमी वर्गणी भरून आपण रेल्वेच्या आरोग्य योजनेचे कार्ड घेतो. पण ते कार्ड दवाखान्याच्या दारापर्यंतच चालते. दवाखान्यापासून अडीच किलोमीटरच्या बाहेर राहणाऱ्याने बाह्यरुग्ण सेवा सोडली तर त्याला वैद्यकीय भत्ता मिळतो. २०१७ साली तो महिना १,००० रुपये झाला. त्यात खासगी नर्सच्या किती फेऱ्या होतील, हिशेब ज्याचा त्याने करावा. पोस्टातल्या निवृत्त साथींची सीजीएचएस मुख्यतः शहरांपुरती आहे. खेड्यातल्या पोस्टमनने नळी बदलायला एसटीने तालुका, तिथून रेल्वेने शहर गाठायचे, तेही हातात पिशवी धरून!

‘घरी नर्स पाठवणे व्यवहार्य नाही,’ असे उत्तर येईल. केरळात ते चालू आहे. २००८ साली त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. पंचायतींच्या आधाराने प्रशिक्षित नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, नळी बदलतात, जखमा धुतात आणि घरच्यांना शिकवतात. जे पंचायतीला जमते ते रेल्वेला आणि टपाल खात्याला का जमू नये? जंतुसंसर्गाने माणूस पुन्हा दाखल होतो, तेव्हा खाट आणि खर्च प्रशासनाचाच जातो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नळी घातलेल्या रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी घरच्या माणसाकडून सगळी कृती एकदा करून घ्यावी आणि मराठीत लिहिलेला कागद द्यावा. ठरलेल्या दिवशी नर्सची घरभेट असावी. नळ्या, पिशव्या, हातमोजे, डायपर दवाखान्यातून मिळावेत. अडचणीच्या वेळी विचारायला एक फोन नंबर असावा. आणि हे ओझे आहे त्याच नर्स भगिनींवर टाकू नये. त्या आधीच दोघींचे काम एकटीने करतात. त्यासाठी नवी पदे भरावीत.

साथींनो, प्रत्येक शाखेने आपल्या भागात अशी किती घरे आहेत याची यादी करावी आणि पुढच्या सभेत ठराव मांडावा. तोवर एक काम आपल्या हातात आहे. आमचे ते कीमन वासाच्या भीतीने युनियन ऑफिसात यायचे बंद झाले होते. आम्ही चौघे त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला. पिशवी बाजेच्या पट्टीला, जागच्या जागी होती. निघताना ते म्हणाले, ‘पुढच्या सभेला येतो.’ आम्ही त्यांची खुर्ची राखून ठेवली आहे.