सौर बंब: हिशेब बारा महिन्यांचा

‘सौर बंब म्हणजे गच्चीवरची शोभा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पावसाळ्यापुरते खरे. पण वर्षात उरलेले आठ महिनेही असतात!

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४.७ युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये आणि उन्हाचे २५० दिवस धरले, तर वर्षाकाठी सुमारे पावणेबारा हजार रुपये वाचतात. वीस-पंचवीस हजारांचा बंब पावणेदोन ते सव्वादोन वर्षांत फिटतो. मात्र सगळे पाणी वापरले गेले तरच. निम्मेच पाणी लागणाऱ्या दोघांच्या घरात मुदत दुप्पट.

खरी अडचण पत्रलेखकाने सांगितलीच नाही: बोअरचे जड पाणी. त्यातल्या क्षारांनी सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतात. तिथे काचनळ्यांचा बंब बरा. तोही अधूनमधून साफ करावा लागतो. पुण्यात अटी पाळणाऱ्यांना महापालिका मिळकतकरात सवलत देते, ती या हिशेबात धरलेली नाही.